सुकोर्न बेटावर मी तुला बहीण म्हटलं

मंगल,

परवा तुझी गंधमुक्ती झाली, दिवसकार्य संपलं. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या. आपली पोरगी, रूपाली, अजून इथेच आहे. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा ठेवते, औषधाची गोळी ठेवते आणि आत निघून जाते. का, ते पुढे सांगतो.

तू किती कष्टाळू होतीस, किती सोशिक होतीस, हे सगळं परवा चारचौघांनी बोलून झालं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला त्या दहा दिवसांबद्दल बोलायचं आहे, जे आपण थायलंडात काढले. त्यातल्या आठ दिवसांच्या गोष्टी तू सुरतच्या आपल्या वस्तीला, साऱ्या डिंडोलीला सांगितल्यास. उरलेल्या दोन दिवसांच्याही सांगितल्यास, पण त्या खऱ्या नव्हत्या. त्या खऱ्या नव्हत्या हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. तू कुणाला सांगितलं नाहीस. आता सांगायला मी एकटाच उरलो आहे.

मी रिटायर झालो तेव्हा पोरीने ती सहल भेट दिली. आयुष्यभर हजिऱ्याच्या कारखान्याच्या बसने गेलात, आता एकदा विमानाने जा, म्हणाली. मी तिला फोनवर एकच अट घातली, जिथे सुरतचे लोक जातात तिथे नको. गर्दी नको, असं मी तिला सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कुणी ओळखीचं भेटलं तर तुला कुठे ठेवू, हा विचार माझ्या मनात तेव्हापासूनच होता. पोरगी भोळी. तिने शोधून शोधून लहान गाव आणि लहान बेटं काढली, ज्यांची नावं मला लिहून घ्यावी लागली. आधी त्रांग नावाचं गाव, मग मूक नावाचं बेट, मग सुकोर्न.

निघायच्या दिवशी मी तुला लांब बाह्यांचं ब्लाउज घालायला लावलं. तुझ्या दोन्ही हातांवर गोंदण होतं, मनगटापासून कोपरापर्यंत. तू म्हणालीस, "आते म्हातारी व्हयनू, आते कोन दखस माले?" तरी घातलंस. विमानतळावर उकडत होतं. तू बाह्या वर सारल्या नाहीस.

पण त्रांगला पोचल्यावर मी बदललो, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. ते गाव आपल्या नंदुरबारएवढंच. स्टेशनासमोर घड्याळाचा मनोरा, जुनी दुमजली दुकानं, आणि सकाळी सहापासून चहाच्या दुकानांत म्हातारे पेपर वाचत बसलेले. तिथली रिक्षा पुढून बेडकाच्या तोंडासारखी. तू तिच्याभोवती फेरी मारलीस आणि ड्रायव्हरला सरळ अहिराणीत विचारलंस, "भाऊ, हाई रिक्षा शे का बेडूक?" तो हसला, तूही हसलीस. मीही हसलो. सुरतमध्ये हेच घडलं असतं तर मी तुझा हात ओढून पुढे चालू लागलो असतो.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर एक बाई शाळेच्या गणवेशांचे सुटे धागे कात्रीने कापत बसली होती. तू थांबलीस. वीस वर्षं डिंडोलीच्या घरात तू हेच केलंस. साड्यांचे गठ्ठे यायचे आणि तू मांडीवर साडी घेऊन धागा कापत बसायचीस. रूपालीचं शिक्षण तुझ्या कात्रीवर झालं, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. तू त्या बाईच्या शेजारी बसलीस, तिच्याकडून दुसरी कात्री घेतलीस आणि कामाला लागलीस. अर्धा तास तुम्ही दोघी बोलत होतात. ती तिच्या भाषेत, तू तुझ्या. उठताना तिने तुझी बोटं उलटी करून घट्टे पाहिले आणि स्वतःचे दाखवले. मी समोरच्या दुकानात मधे भोक असलेला केक खात बसलो होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. अनोळखी लोकांसमोर मला तुझी लाज वाटत नव्हती. ही गोष्ट मला आता कळते. मला तुझी लाज कधी वाटतच नव्हती. लाज वाटायची ती आपल्या ओळखीच्या माणसांच्या नजरेची, आणि तिची किंमत तू मोजायचीस.

मूक बेटावरचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं. लाकडी खांबांवरची घरं, दारात वाळत घातलेले मासे, रबराच्या झाडांमधून जाणारा सिमेंटचा अरुंद रस्ता. तू तोवर एकच समुद्र पाहिला होतास, आपल्या डुमसचा, काळ्या वाळूचा आणि गढूळ पाण्याचा. इथे पाण्यात स्वतःचे पाय दिसतात म्हणून तू किती वेळ पायांकडेच बघत राहिलीस. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतलंस आणि थुंकलंस. "खारं शे व माय," म्हणालीस, जणू कुणी तुला फसवलं होतं.

तिथली ती गुहा. नाववाल्याने सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला दिली आणि सांगितलं की पोहत आत जायचं, मधे अंधार आहे, पलीकडे उजेड आहे. तू रूपालीचा जुना पंजाबी ड्रेस घातला होतास. मला वाटलं तू घाबरशील. अंधारात शिरलो तेव्हा मीच घाबरलो. पाणी खडकावर आपटून आवाज घुमत होता आणि मला पुढचा माणूस दिसेना. मी परत फिरू म्हणालो. तू मागून माझ्या जॅकेटचा पट्टा धरलास. "मी शे ना मांगे," म्हणालीस. "चाला." आणि मग एकदम उजेड आला. चारी बाजूंनी उंच कडे, मधे जरासं आकाश, पांढरी वाळू आणि हिरवं पाणी. आपण दोघं त्या वाळूवर धापा टाकत बसलो. तू ओल्या केसांनी वर बघत होतीस. चाळीस वर्षांच्या संसारात मी तुझ्याकडे इतकं नीट कधी पाहिलं नसेल.

त्याच दिवशी संध्याकाळी आपण भांडलो. ते भांडण अर्धंच राहिलं. खोलीच्या ओट्यावर बसलो होतो, समोर दोन पोरी आजीबरोबर जाळं निवडत होत्या आणि सारख्या काहीतरी बोलत होत्या. तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "पोरले मनी भाषा शिकू दिधी नही तुम्ही."

मी म्हणालो, "शिकून काय केलं असतं? गुजराती शिकली, इंग्रजी शिकली म्हणून बेंगळुरूला गेली."

"गई ना. मंग माले फोनवर काय बोलस ती? जेवली का, झोपली का. बस."

"मग तू मराठी नीट शिकायची."

तू त्या पोरींकडेच बघत म्हणालीस, "तुम्हले आपली भाषानी लाज वाटस. मनी बी वाटस." मी उठून आत गेलो. तुझ्या बोलण्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आपण सुकोर्नला निघालो आणि तुला उत्तर मिळालं.

आता तेच लिहायचं आहे.

सुकोर्नच्या नावेसाठी आपण धक्क्यावर थांबलो होतो. टपऱ्या, मासळीच्या टोपल्या, चार बायका. तू जमिनीवर पिशवी टेकवून त्यांच्यातच बसली होतीस, आदल्या दिवशी मुक्कामाच्या स्वयंपाकघरात मागून घेतलेल्या तव्यावर केलेली, घरून नेलेल्या ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी फडक्यातून काढून खात होतीस. उकाड्याने बाह्या वर सारल्या होत्यास. मी दहा पावलांवर उभा होतो. तेवढ्यात मागून हाक आली, "अरे, मधुभाई?"

देसाईसाहेब. माझे कारखान्यातले साहेब, माझ्या तीन वर्षं आधी रिटायर झालेले. सोबत त्यांच्या पत्नी हेमाबेन. त्यांचा मुलगा बँकॉकला नोकरीला, त्याने त्यांना गर्दी नसलेल्या बेटावर पाठवलं होतं. एवढ्या मोठ्या जगात त्याच धक्क्यावर, त्याच नावेसाठी.

तुला एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती, ती आधी सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या एका कार्यक्रमात हेमाबेननी मला विचारलं होतं, भाभी काय करतात? माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांच्या बायका काही ना काही करत होत्या. मी म्हणालो, शिक्षिका आहे, मराठी शाळेत. तुला न आणण्यासाठी शाळा कामाला आली. आज परीक्षा, आज तपासणी, आज तब्येत बरी नाही. माझ्या निरोप समारंभालासुद्धा तू आली नाहीस ते यामुळेच. तुला मी सांगितलं होतं की बायकांना बोलावलेलं नाही. तू त्या दिवशी दारात रांगोळी काढून वाट बघत होतीस.

तर साहेबांनी विचारलं, "भाभी नथी आव्यां?"

मला वळून तुझ्याकडे बोट दाखवायचं होतं. तेवढंच करायचं होतं. मी म्हणालो, "ना साहेब. ऐनवेळी तिची तब्येत बिघडली. तिकिटं काढलेली होती."

हेमाबेननी तुझ्याकडे पाहिलं. दोन सारख्या बॅगा होत्या, एक माझ्या पायाशी, एक तुझ्या शेजारी, दोन्हींना रूपालीने बांधलेली लाल फीत. "आ बेन तमारी साथे छे?"

"हां. बहीण आहे माझी. गावाकडची. तिला आणलं, म्हटलं माझ्या जेवणाखाण्याचं बघेल."

तू दहाच पावलांवर होतीस. गुजराती तुला सगळं समजायचं, चाळीस वर्षं सुरतमध्ये काढली होतीस. तुझा भाकरीचा हात तोंडाशी गेला होता, तो तसाच खाली आला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. भाकरी फडक्यात गुंडाळलीस, उठलीस, पदर डोक्यावर घेतलास आणि हेमाबेनला हात जोडलेस. मी तेव्हा सुटलो असं मला वाटलं. सुटलो. हाच शब्द मनात आला होता.

नावेत तू पुढे टोपल्यांपाशी बसलीस, मी मागे साहेबांबरोबर. वीस मिनिटांचं अंतर. साहेब जुन्या शिफ्टच्या गोष्टी काढत होते आणि मी हसत होतो.

सुकोर्नला राहायची जागा म्हणजे किनाऱ्यावरच्या आठ-दहा लाकडी खोल्या. तेही तिथेच उतरले. आपल्या नावावर एकच खोली होती. साहेब नोंदणीच्या टेबलापाशीच उभे होते. मी काही करायच्या आधीच तू आपली बॅग उचललीस आणि मागच्या बाजूला गेलीस. तिथे मालकीण डोक्याला हिरवा रुमाल बांधून तांदूळ निवडत होती. तू तिला हाताने काय सांगितलंस कुणास ठाऊक. स्वतःकडे बोट दाखवलंस, जमिनीकडे दाखवलंस, दोन्ही हात गालाखाली धरलेस. ती तुला स्वयंपाकघरामागच्या घरात घेऊन गेली, तिच्या म्हाताऱ्या आईजवळ. दोन दिवस तू तिथे झोपलीस. मी समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत, दोन उशांच्या पलंगावर.

मंगल, मी तुला सांगितलं नव्हतं की असं कर. मी तुला थांबवलंही नाही. तू माझं खोटं ऐकलंस आणि ते उघडं पडू नये म्हणून त्याला लागेल ते सगळं करत गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, चला, शेतं बघू. ते बेट सपाट, भाताची शेतं अगदी वाळूपर्यंत आलेली, आणि वाळूवर म्हशी. खरोखरच्या म्हशी, समुद्राच्या कडेने चाललेल्या. एका म्हशीचं दावं तिच्याच मागच्या पायाला गुंडाळलं गेलं होतं आणि ती ओढ घेऊन अंगावर यायला बघत होती. म्हाताऱ्या मालकाला जवळ जाता येईना. तू कुठून आलीस ते मला दिसलं नाही. पदर खोचलास आणि तिच्या बाजूने गेलीस, समोरून नाही. तोंडाने आपल्या गावाकडे म्हशीला करतात तो आवाज करत राहिलीस. मानेवर हात ठेवलास, खांदा तिच्या पोटाला लावलास आणि खाली वाकून दावं सोडवलंस. म्हातारा तुझ्यासमोर वाकला. हेमाबेननी टाळ्या वाजवल्या.

साहेब मला म्हणाले, "मधुभाई, तमारां बेन तो जबरां छे."

मी म्हणालो, "गावाकडची आहे ना साहेब. सवय आहे."

तू ऐकलंस. तेव्हा मात्र तू माझ्याकडे पाहिलंस. त्यात राग नव्हता. तू वाट बघत होतीस. आपली नजर चांगली तीन-चार श्वास भिडलेली होती. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. साहेब हसले असते, फार तर सुरतला जाऊन चार जणांना सांगितलं असतं. त्याने माझं काय जाणार होतं? मी रिटायर झालेला माणूस. मी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसू लागलो.

दुपारी हेमाबेन तुझ्याबरोबर फिरल्या. तुम्ही दोघी कलिंगडांच्या मळ्यात गेलात, मालकिणीच्या आईला डोक्याला तेल लावून दिलंत. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तुला बोलावलं, "मंगलबेन, अहीं बेसो ने." तू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालीस, "ना बेन, मारे आजे अगियारस छे." त्या दिवशी एकादशी नव्हती. मी ताटातला भात खाल्ला, सगळा खाल्ला.

परतीच्या गाडीत आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "ते जरा असं झालं की..."

"ऱ्हाऊ द्या," तू म्हणालीस.

"अगं पण मला असं म्हणायचं नव्हतं."

"बहीणच सांगी ना. परकी तर नही सांगी." मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आनि भाकरी त मीच करस."

मी माफी मागितली नाही. माझ्या मनात असं होतं की घरी गेल्यावर, शांतपणे, एखाद्या दिवशी मागेन. घरी आल्यावर तू पहिल्यासारखीच वागू लागलीस आणि मला वाटलं, विसरली. माफी मागून कशाला जुनं उकरायचं? माणूस किती लवकर स्वतःला सोडून देतो.

पण तू विसरली नव्हतीस. आल्यानंतर महिनाभर शेजारच्या सिंधूताई, गल्लीतल्या सुना, भजनाच्या बायका येत राहिल्या आणि तू त्यांना सहल सांगत राहिलीस. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलेला असायचो. बेडकाची रिक्षा सांगायचीस, गुहा सांगायचीस. गुहेत मी घाबरलो ते मात्र गाळायचीस. आणि मग सुकोर्न यायचं. "तथा आम्ही दोन्ही वाळूवरथून चालत गऊत," तू सांगायचीस. "रूपालीना पप्पांनी माले मोठं कलिंगड लई दिधं. म्हशी दखाडी. संध्याकाळले सोबत बठीसन जेवनूत, समुद्रासमोर." सिंधूताई म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई. तू म्हणायचीस, हां.

प्रत्येक वेळी तू त्यात थोडी भर घालायचीस. एकदा मी तुला शिंपल्यांची माळ घेतली होती, ती आणताना तुटली. एकदा मी तुझा फोटो काढत होतो आणि लाट आली. जे दोन दिवस मी तुला दिले नाहीत, ते तू माझ्या नावाने स्वतः तयार केलेस आणि लोकांना वाटलेस. मी पेपरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत ऐकायचो. एकदाही बाहेर येऊन म्हणालो नाही की पुरे कर.

परत आल्यावर चार महिन्यांत तू गेलीस. सकाळी दळण आणायला निघाली होतीस, दारातच बसलीस. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. लोक हे मला सांत्वन म्हणून सांगतात.

चौथ्या दिवशी हेमाबेनचा फोन आला. कारखान्यातल्या कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं की मधुभाईंच्या पत्नी वारल्या. त्या रीतीप्रमाणे दोन शब्द बोलल्या, भाभींना कधी भेटता आलं नाही याचं वाईट वाटतं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंगलबेन त्यां छे? एमने फोन आपो ने. एमने तो बहु लाग्युं हशे."

मी गॅलरीत उभा होतो. खाली तुझ्यासाठी लावलेला दिवा दिसत होता.

"हेमाबेन," मी म्हणालो, "मंगल नाही. जी गेली ती मंगलच."

त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. "ती माझी बहीण नव्हती. बायको होती. शिक्षिका कुणीच नव्हतं."

त्या म्हणाल्या, त्या दिवशी मळ्यात त्यांनी तुला विचारलं होतं, भाऊ तुला नीट ठेवतो का? "तो कहेती हती, भाई बहु सारा छे. कोई दिवस ऊंचा अवाजे बोल्या नथी." भाऊ फार चांगला आहे, कधी आवाज चढवून बोलला नाही, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा आला नाही. यायलाही नको.

गंधमुक्तीला श्रद्धांजली बोलायला चार-पाच जण उठले. तुझ्याबद्दल दोन वाक्यं झाली की प्रत्येकजण माझ्यावर यायचा. मधुभाऊंनी वहिनीला परदेश दाखवला, असा नवरा सगळ्यांना मिळत नाही, आपल्या समाजात असं किती जण करतात. सिंधूताईंच्या मालकांनी तर समुद्रासमोरचं जेवणसुद्धा सांगितलं. तुझा हार घातलेला फोटो समोर, शेजारी रूपाली, आणि माझी स्तुती चालली होती. तू माझ्यासाठी रचलेलं ते खोटं माझ्या गळ्यात हार होऊन पडत होतं.

मी उठलो. तीस वर्षं मी चार लोकांत अहिराणी बोललो नव्हतो. कोणत्या भाषेत बोलायचं हे मी ठरवलंही नव्हतं.

"ते खरं नही," मी म्हणालो. "मी तिले वाळूवर लई गयू नही. मना साहेब तथा भेटना. मी तिले सांगं, हाई मनी बहीण शे. माले तिनी लाज वाटनी. ती दोन दिन परक्याना घरमा झोपनी, मी एकटा खोलीमा झोपनू. तिनी तुम्हले जे सांगं ते मनी इज्जत ऱ्हावाले सांगं."

बायकांच्या बाजूला सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. तुझा धाकटा भाऊ, जो माझ्यासमोर कधी मान वर करून बोलला नाही, तो उठून मांडवाबाहेर गेला आणि जेवायला थांबला नाही. एक म्हातारे म्हणाले, "बठा भाऊ, बठा." मी बसलो. मला हलकं वाटेल असं कुठेतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तू समोर होतीस आणि तुला ते ऐकू गेलं नव्हतं. जिला सांगायचं होतं तिला सोडून मी सगळ्यांना सांगितलं होतं.

रूपाली मध्येच उठून आत गेली होती. तिला अहिराणी बोलता येत नाही, पण समजते, हे मला त्या दिवशी कळलं. तुला माहीत होतं का? माहीत असेल. नसेल तर आता सांगतो, मंगल, तुझ्या पोरीला तुझी भाषा समजते. मी शिकू दिली नाही, तरी तुझं ऐकून ऐकून तिच्यात गेली.

काल संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. रडून झालं होतं. तिने फोनवर त्या सुकोर्नच्या जागेचे फोटो उघडले होते, तिनेच ती जागा आपल्यासाठी शोधली होती. खोल्या, झाडं, किनारा, जेवणाची टेबलं. एक एक फोटो माझ्यासमोर धरत ती विचारत होती.

"आई कुठे झोपली होती?"

"मागे. स्वयंपाकघराच्या मागे."

"खाट होती की खाली?"

मी आठवू लागलो.

"पंखा होता? मच्छरदाणी होती का? तिला मच्छरांचा त्रास व्हायचा."

पोरगी उत्तराची वाट बघत होती. फोटो धरलेला तिचा हात तसाच होता. मी आठवायचा प्रयत्न करत होतो आणि आठवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या खोलीपासून ते घर चाळीस पावलांवर असेल. दोन दिवसांत मी एकदाही मागे गेलो नव्हतो.

"मला माहीत नाही," मी तिला म्हणालो. "मी पाहायला गेलो नाही."